किती लाल

आमच्या बेटावर कुणी रोजनिशी लिहिली नाही.
पुरुष समुद्रावर,
बायकांचे हात सदा लोकरीत.
काही विचारायचं असेल तर पेटी उघड, आई म्हणायची,
आणि पट्टे वाच.
मागावर ते आडवे असतात,
अंगावर उभे होतात.

लग्नाळू पोरीचा घागरा जवळजवळ सगळा लाल.
घरात कुणी गेलं की काळानिळा.
मग वर्षावर्षानं
एकेक लाल रेघ परत येते,
आजारातून उठलेल्या माणसासारखी, भिंत धरून.

सगळ्यात खाली एंगेलचा.
तिनं झारचा धर्म घेतला होता, जमीन मिळेल या आशेनं.
कपाळाला तेल लागलं,
हाताला जमीन काही लागली नाही.
नवरा रीगाच्या बंदराला दगड पोचवणाऱ्या जहाजावर;
ती वाळूत गुडघ्यांवर,
मंजिष्ठेच्या कुठल्याशा गरीब बहिणीची
दोऱ्याएवढी मुळी खणत.
एका घागऱ्याला दोन टोपल्या.
जमीन तिला एवढीच मिळाली: नखांत.

तिच्या लेकीचा, माडलीचा, घडी घालावी तरी काळाच.
मार्चमध्ये सीलच्या शिकारीला गेलेली तिची दोन्ही पोरं
सुटलेल्या बर्फावर वाहत गेली.
अकरा दिवसांनी यूरी एकटाच परतला.
धाकट्याबद्दल तो आयुष्यभर बोलला नाही
आणि माडलीनं विचारलं नाही.
सात वर्षं.
मग यूरीला मुलगी झाली, लेईडा,
तेव्हा कमरेपाशी, झग्याखाली झाकली जाईल अशी,
एक लाल रेघ.

लेईडाचा घागरा मला वाचता येत नसे.
चव्वेचाळीसच्या सप्टेंबरात ओस्कर होडीतून गेला,
इंजिनावर गोधडी टाकून, गोटलंडच्या दिशेनं.
ती जाणार होती. पोरीला ताप होता.
मेला म्हणावं तर प्रेत नाही,
जिवंत म्हणावं तर पत्र नाही.
आता या बाईनं कुठला दोरा उचलायचा?
चार बोटं लाल विणायची,
उसवायची,
काळं घालायची, तेही उसवायची.
एकोणपन्नासात शेजारचं घर एका रात्रीत रिकामं झालं,
सगळे सैबेरियाला,
मागावर कापड अर्धं.
ते मात्र तिनं पुरं केलं,
त्यांच्याच रंगांत, पुढचे रंग अंदाजानं.

सत्तावन्न साली कार्ड आलं. पवनचक्कीचं चित्र,
ओस्करची सही,
आणि सहीखाली
कुणा लहान मुलानं काढलेला मासा.

त्या रात्री धोटा थांबला नाही म्हणतात.
काही रविवारांनी लेईडा चर्चला निघाली ती लालबुंद,
अठरा वर्षांच्या पोरीचा लाल.
बायका कुजबुजल्या: बातमी आली वाटतं. जिवंत आहे!
हो, ती म्हणाली.
मी आहे.

हे मला हेल्यूनं सांगितलं, माझ्या आईनं,
तीच तापातली पोर.
मोटारसायकल चालवताना, मी साइडकारमध्ये,
म्हणून निम्मं वाऱ्यानं नेलं.
आई मासळीच्या कारखान्यात हिशेबनीस, पँट घालायची.
पेटीत तिचा घागरा आहे, नवाकोरा.
त्यावर वाचण्यासारखं काही नाही,
किंवा मला येत नाही.

माझा नवरा गेल्या शरदात फिनलंडला गेला
आणि तिकडेच राहिला.
दर पाच तारखेला पैसे येतात, मुलीसाठी.
साल्मे मावशी फेरीच्या तिकीटखिडकीशी वाकून विचारते,
केर्तु, आता किती लाल?
घटस्फोटाचा पट्टा कुणी ठरवलेलाच नाही.
प्यार्नूच्या दुकानात लोकरीला नुसते नंबर आहेत.

म्हणून या उन्हाळ्यात मुळ्या खणल्या.
पाठ मोडली, एकच टोपली भरली.
दोरीवर लड्या टपकताहेत,
विटकरी, कुठे गुलाबी, कुठे काहीच नाही.
हा कुठला रंग, लेक विचारते.
थांब, म्हटलं,
अजून ओला आहे.